नोव्हेंबरात मॉरिशस: गोव्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसची सहल बिघडते ती बहुतेक वेळा हॉटेल वाईट निघाल्याने नव्हे, तर चुकीच्या बाजूला राहिल्याने. बेट लहान दिसतं, साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, म्हणून कुठेही राहिलं तरी चालेल असं वाटतं. पण या बेटावर तीन गोष्टींचं राज्य आहे: भोवतालची प्रवाळाची भिंत, आग्नेयेचा वारा आणि मधलं उंच पठार. खालच्या बहुतेक उत्तरांत या तिघांपैकी कोणीतरी भेटेलच.

समुद्र तर आपल्या दारातच आहे. मग समुद्र बघायला इतक्या लांब कशाला?

गोव्यात हा प्रश्न पहिला येतो, आणि तो रास्त आहे. कळंगुट किंवा कोलवाची लाट थेट अरबी समुद्रातून येते आणि आपल्या पायाशी फुटते. मॉरिशसला बेटाच्या जवळजवळ चारही बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. लाट त्या भिंतीवर, किनाऱ्यापासून दूर फुटते. पांढरी रेघ तेवढी दिसते आणि तिची घरघर रात्री ऐकू येते. भिंतीच्या आत उरतं ते लगून, म्हणजे उथळ, संथ, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. आपल्याकडे मांडवी-जुवारीसारख्या नद्या गाळ आणून समुद्रात सोडतात. तिथे एवढी मोठी नदीच नाही, म्हणून पाणी गढूळ होत नाही. भरती-सुकतीतला फरकही कमी, मीटरभराच्या आतला. गोव्यात तो दोन मीटरच्या घरात जातो.

याचा फायदा पोहता न येणाऱ्याला सर्वांत जास्त होतो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, तोंडावर मास्क लावून डोकं पाण्यात घातलं की मासे दिसतात. केवळ वाळूवर पडून राहायचं असेल, तर मात्र पाळोळे आणि आगोंद पुरेसे आहेत. त्यासाठी एवढा खर्च करू नका.

नोव्हेंबरच का निवडायचा?

बेट दक्षिण गोलार्धात, सुमारे २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे ऋतू उलटे. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा: वारा जोरात, पाणी गारठलेलं. जानेवारी ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळं. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा उतरलेला असतो, उकाडा अजून चढायचा असतो आणि पाऊस वर्षातला सर्वांत कमी. किनाऱ्यावर दिवसा २८-२९ अंश, रात्री २१-२२, समुद्राचं पाणी २५ च्या आसपास. गोव्याच्या डिसेंबरची हवा डोळ्यांपुढे आणा, फक्त ऊन त्याहून बरंच कडक.

आपल्याकडे मे महिन्यात जे होतं ते तिथे नोव्हेंबरात सुरू होतं. गुलमोहर फुलायला लागतो, आंबे येऊ लागतात, लिची बाजारात उतरते. युरोपातल्या नाताळच्या सुट्टीची गर्दी साधारण २० डिसेंबरपासून येते, म्हणून हॉटेलांचे दरही तोवर आवाक्यात असतात.

उन्हाबद्दल मात्र नीट वाचा. नोव्हेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य मॉरिशसच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. वारा सुखद असल्यामुळे भाजतंय हे कळत नाही, आणि पालथं होऊन मासे बघणाऱ्यांची पाठ, मान आणि पोटऱ्या पहिल्याच दिवशी सोलून निघतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा सनस्क्रीनपेक्षा खात्रीचा उपाय आहे. सकाळी साडेपाचच्या आधीच उजाडतं. साडेदहापर्यंतचं पाणी आणि तीननंतरचं पाणी असा दिवस पाडा.

पाऊस अजिबात नसतो ना? आणि चक्रीवादळ आलं तर?

अजिबात नाही असं नसतं. इथे पठाराची गोष्ट येते. आग्नेयेचा दमट वारा मधल्या पठारावर चढतो आणि तिथे पाऊस टाकतो, तसाच जसा आपला मोसमी वारा सह्याद्रीवर टाकतो. पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास. म्हणजे सत्तरी आणि धारवाडमध्ये जेवढा फरक, तेवढा तिथे तासाभराच्या गाडीरस्त्यात. पठारावरच्या क्युरपिपला पावसाची भुरभुर असताना पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाकला लख्ख ऊन असतं. म्हणून मोबाइलवर नुसतं ‘मॉरिशस’ टाकून हवामान पाहू नका, गावाचं नाव टाका. सकाळी पठारावर ढग दिसले तर त्या दिवशीचा गंगा तलावाचा (पठारावरचं हिंदूंचं पवित्र तळं) बेत उद्यावर ढकला आणि किनाऱ्यावर राहा.

वादळांचा हंगाम कागदोपत्री नोव्हेंबरातच सुरू होतो, पण खरा जोर जानेवारी ते मार्च. इशारे चार वर्गांत देतात. पहिला वर्ग तयारीचा, तिसऱ्या वर्गाला दुकानं आणि वाहतूक बंद होते आणि हॉटेलमधून बाहेर पडता येत नाही. नोव्हेंबरात ही वेळ येणं दुर्मिळ. तरी प्रवास विमा काढताना वादळामुळे विमान रद्द झाल्यास भरपाई मिळते का, ती ओळ वाचून घ्या.

कुठल्या किनाऱ्यावर राहावं?

वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून पूर्व आणि आग्नेय किनारा वाऱ्याच्या तोंडावर, तर उत्तर आणि पश्चिम आडोशाला.

उत्तरेला ग्रां बे, मों शुआझी, त्रू ओ बिश. दुकानं, हॉटेलं, बोटी, संध्याकाळची वर्दळ सगळं इथे. तरुण मंडळींना आणि रात्री बाहेर जेवायला आवडणाऱ्यांना ठीक. विमानतळ मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सव्वा ते दीड तासावर.

पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, तामारें, ल मोर्न. सर्वांत कोरडा किनारा, सूर्यास्त समुद्रात, आणि शामारेलची रंगीत माती, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान हे सगळं जवळ. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही हाच किनारा सुचवतो.

पूर्वेला बेल मार, पाल्मार. लांब पांढरी वाळू, शांतता, मोठी रिसॉर्ट. जुलै-ऑगस्टमध्ये इथला वारा नको होतो, पण नोव्हेंबरात तोच वारा दुपारचा पंखा ठरतो. हॉटेलबाहेर संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नाही, हे धरून चाला.

आग्नेयेला ब्लू बे आणि माहेबूर. विमानतळापासून १५ मिनिटं. ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान, प्रवाळ बघायला उत्तम. विमानांचा आवाज येतो. शेवटच्या रात्रीसाठी ही जागा फार सोयीची.

दक्षिणेला ग्रिस-ग्रिसजवळ प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. काळे कडे, उसळत्या लाटा, दृश्य भव्य. तिथे पाण्यात उतरू नका. आपल्याकडे जूनमध्ये लाल बावटा लावतात तेव्हा समुद्र जसा असतो, तसा तो तिथे बाराही महिने असतो.

किती रात्री पुरतात? आणि एजंटने दिलेल्या आखणीत काय बघायचं?

सात रात्री उत्तम, सहा चालतात. पाचच्या खाली गेलात तर येण्या-जाण्याचे दोन दिवस वजा जाऊन हातात काही राहत नाही.

पॅकेजच्या आखणीत बहुधा ‘नॉर्थ टूर’, ‘साउथ टूर’ आणि ‘इल ओ सेर’ (पूर्वेचं छोटं बेट) असे तीन दिवस असतात आणि सगळ्या रात्री एकाच हॉटेलात. हॉटेल उत्तरेला असेल तर साउथ टूरच्या दिवशी तीनेक तास गाडीतच जातात, राजधानी पोर्ट लुईच्या कोंडीत अडकलात तर जास्त. त्यापेक्षा चार रात्री पश्चिमेला आणि तीन पूर्वेला किंवा आग्नेयेला अशी विभागणी मागा. एजंट नको म्हणेल, कारण त्याला दोन हॉटेलांशी बोलावं लागतं. तरी आग्रह धरा. हॉटेल बदलण्याच्या दिवशी वाटेत पोर्ट लुई करून घ्या, म्हणजे तो दिवस फुकट जात नाही.

सात रात्रींची आमची पसंतीची मांडणी अशी: पहिला दिवस फक्त पाणी आणि झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी शामारेल, तिथून गॉर्जेसचा देखावा, परतताना गंगा तलाव. तिसरा दिवस ल मोर्नचा किनारा, आणि चढण्याची हौस असेल तर डोंगर. चौथा मोकळा. पाचव्या दिवशी पोर्ट लुई आणि पांप्लमूसची बाग करत पूर्वेला. सहाव्या दिवशी इल ओ सेर. सातव्या दिवशी ब्लू बे आणि माहेबूर. तो सोमवार असेल तर माहेबूरचा आठवडी बाजार भेटतो.

शामारेलची सात रंगांची माती पाहताना एक लक्षात घ्या. आपला जांभा, आपले चिरे ज्या कारणाने तांबडे, त्याच कारणाने ती रंगीत आहे. ज्वालामुखीचा खडक पावसात झिजून लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइड मागे उरली. ऊन तिरपं असताना रंग उठून दिसतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. शेजारचा धबधबा नोव्हेंबरात बारीक असतो. पावसाळ्यातला दूधसागर पाहिलेल्यांनी मोठी अपेक्षा ठेवू नये.

गोव्याहून जायचं कसं? मोपा की दाबोळी?

नेहमीचा मार्ग मुंबईवरून. मुंबई ते मॉरिशस थेट विमान साधारण सहा ते साडेसहा तास घेतं. ते रोज असेलच असं नाही, म्हणून क्रम असा ठेवा: आधी मुंबई-मॉरिशसची तारीख आणि वेळ पक्की करा, मग गोवा-मुंबई जोडा. पुष्कळ जण उलट करतात, आणि मुंबईत एक रात्र हॉटेलचा भुर्दंड पडतो.

इथून पुढे जे चुकतं ते पुन्हा पुन्हा तेच चुकतं:

दोन वेगळी तिकिटं काढली असतील आणि गोव्याचं विमान उशिरा आलं, तर मॉरिशसची विमान कंपनी तुमच्यासाठी जबाबदार नसते. एकाच आरक्षणात दोन्ही टप्पे मिळाले तर थोडे जास्त पैसे द्या. वेगळीच काढायची तर मध्ये पाच-सहा तास ठेवा.

मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरलं, तर टर्मिनल २ ला रस्त्याने जावं लागतं. आतून चालत जायची वाट नाही. सामान घेऊन बाहेर, टॅक्सी, पुन्हा आत, यात तास सहज जातो.

देशांतर्गत तिकिटावर सामान बहुधा १५ किलो, आंतरराष्ट्रीयवर त्याहून जास्त. मोठ्या आकड्यावर विसंबून बॅग भरली की गोव्यातच जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. वजन नेहमी छोट्या आकड्यावर धरा.

गोव्याच्या तिकिटावर विमानतळ कुठला ते जाताना आणि येताना दोन्ही वेळा तपासा. मोपावर गाडी लावून परतताना दाबोळीला उतरलेले प्रवासी आम्ही दरवर्षी पाहतो. त्या रात्रीचं टॅक्सीचं भाडं सहलीत न धरलेलं असतं.

नोव्हेंबर हा गोव्याच्या पर्यटन हंगामाची सुरुवात, आणि २० तारखेनंतर पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो. त्या दिवसांत मुंबईहून गोव्याला येणारी तिकिटं महागतात, म्हणून परतीचा टप्पा दोन-तीन महिने आधीच घ्या. रेल्वेचा पर्याय चांगला आहे. कोकणकन्या संध्याकाळी मडगाव सोडते आणि पहाटे मुंबईत पोहोचते. विमानतळासाठी शेवटपर्यंत न जाता ठाण्याला किंवा दादरला उतरा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं आणि गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट जुलै-ऑगस्टमध्ये काढलं असलं तरी निघण्याच्या आठवड्यात वेळ पुन्हा बघा. विमान पहाटेचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. प्रवेशाचा शिक्का तिथे पोहोचल्यावर मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याच्या सगळ्या रात्रींचं आरक्षण आणि खर्चाची सोय दाखवता आली पाहिजे. हे कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त असलेली बरी. प्रवासापूर्वी मॉरिशस सरकारचा ‘ऑल इन वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म’ भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा.

घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्यांचं काय?

मॉरिशसमध्ये अडचण नाही. अडचण परत येताना येते: भारतात शिरायला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा व्हिसा लागतो. पासपोर्ट नवा केला असेल तर ओसीआयवरची माहिती अद्ययावत केली आहे ना, हे निघायच्या महिनाभर आधी पाहा.

सामानात काय नेऊ नये?

ताजी फळं, रोपं, बिया, मांस नको. कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून बेट कडक तपासणी करतं. ई-सिगारेटला बंदी आहे. झोपेच्या, नैराश्याच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांबाबत नियम फार कडक. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं आपल्याकडे सहज मिळतात म्हणून कोणी सवयीने पिशवीत टाकतं आणि कस्टमला अडकतं. अशी औषधं खरोखर लागतच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते का ते आधी विचारा.

काजूची फेणी भेट म्हणून न्यायची असेल तर सीलबंद बाटली, सोबत बिल, आणि ती चेक-इन बॅगेत. एक लिटरपर्यंत कर लागत नाही.

गाडी भाड्याने घ्यावी की टॅक्सी?

गाडी चालवणारा घरात असेल तर निदान तीन-चार दिवस स्वतःची गाडी घ्या. रस्ता डाव्या बाजूचा, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखं. भारतीय परवाना सोबत ठेवाच, आणि वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढा. तो वर्षभर चालतो आणि काही कंपन्या त्याशिवाय गाडी देत नाहीत. चालकाचं वय २१ ते २३ च्या खाली असेल तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, टपाचे आणि टायरच्या कडांचे फोटो काढा. विम्यात अपघात झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार, तो आकडा करारपत्रात बघा. दिवसाचं भाडं स्वस्त असतं तिथे हा आकडा मोठा असतो.

चौकांऐवजी गोल फिरण्याचे चौक फार. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तिथे लोक हा नियम खरोखर पाळतात. नोव्हेंबरात ऊसतोडणी अजून चालू असते, त्यामुळे अरुंद रस्त्यांवर उसाने लादलेल्या संथ गाड्या भेटतात. ओव्हरटेकची घाई करू नका, कारण दोन्ही बाजूंना उभ्या उसामुळे वळणापुढचं काही दिसत नाही. पोर्ट लुईत सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी साडेतीननंतर शिरू नका.

टॅक्सीत मीटरवर भिस्त ठेवू नका. भाडं बसण्याआधी ठरवा, येण्या-जाण्याचं की एकाच बाजूचं हे स्पष्ट बोला. गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. बस स्वस्त आणि चांगली, पण संध्याकाळनंतर विरळ होते. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, पठारावरून राजधानीत उतरायला गाडीपेक्षा ती बरी.

गावांची नावं फ्रेंच आहेत आणि लिहिण्यात-बोलण्यात फार अंतर आहे. ड्रायव्हरला नाव वाचून दाखवण्यापेक्षा फोनवर लिहिलेलं दाखवा.

आम्ही शिवराक आहोत. जेवणाचे हाल होतील का?

होणार नाहीत. लोकसंख्येतला मोठा भाग भारतीय वंशाचा आहे आणि बऱ्याच घरांत सणावाराला शाकाहारच असतो. एक काळजी घ्या: ‘मांस नको’ म्हटलं की काही ठिकाणी मासे आणि अंडी चालतील असं समजतात. तिथल्या रोजच्या क्रेओल भाषेत मांस म्हणजे लाव्यान, मासा म्हणजे प्वासों, अंडं म्हणजे दिझेफ. तिन्ही नावं घेऊन नको म्हणा.

रस्त्यावरची धोलपुरी खाल्ल्याशिवाय येऊ नका. गूळ न घातलेली, कागदासारखी पातळ पुरणपोळी म्हणा हवं तर: आत शिजवून वाटलेली डाळ, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रुगाय (दाट रस्सा) आणि चटणी. ती जोडीनेच मिळते. सकाळी ताजी असते, दुपारनंतर संपते. गातो पिमां म्हणजे लहान डाळवडे, आणि ते पावात घालून न्याहारीला खातात. आलुदा हा फालुद्याचा भाऊ.

मासे खाणाऱ्यांनी ‘विंदाय’ मागवा. मोहरी, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा किंवा ऑक्टोपस. आपल्या विंदालूचं आणि त्याचं मूळ एकच, पोर्तुगिजांचं लसूण-व्हिनेगरचं मुरवण. नात्याचा धागा त्याहून जुना आहे. मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रेयुनियों या बेटांना मिळून मास्कारेन बेटं म्हणतात, ते पेद्रू मास्कारेन्यस या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या नावावरून. हाच मास्कारेन्यस १५५४-५५ मध्ये गोव्यात व्हाइसरॉय होता. ऑक्टोपस पकडायला तिथे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदी असते, जशी आपल्याकडे जून-जुलैत मासेमारीला. नोव्हेंबरात तो ताजा मिळतो.

हॉटेल ‘हाफ बोर्ड’ घ्या, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण आत, दुपारचं बाहेर. सगळं जेवण आत धरलेलं पॅकेज घेतलं की दुपारी एक वाजता हॉटेलकडे धावण्यात फिरणं राहून जातं.

तिथे मराठी चालते का?

रोजची भाषा क्रेओल, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच, सरकारी काम इंग्रजीत. इंग्रजीवर सगळं निभावतं, हिंदीही पुष्कळांना कळते. मराठी समाज संख्येने लहान, पण जागृत आहे. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मजुरांचे हे वंशज. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कास्कावेल गावात जुनी मराठी वस्ती आहे, मोका इथे महाराष्ट्र भवन आहे आणि तिथे २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला गेला. समोरचा मराठी आडनावाचा आहे म्हणून तो मराठी बोलेलच, असं मात्र गृहीत धरू नका. पाच-सहा पिढ्या झाल्या आहेत. आधी इंग्रजीत नमस्कार-चमत्कार करा, मग आपली भाषा काढा. ज्यांना येते ते मनापासून बोलतात.

ही पाळंमुळं समजून घेण्यासाठी पोर्ट लुईतला आप्रवासी घाट चुकवू नये असं आम्हाला कळकळीने वाटतं. करारावर आणलेले भारतीय मजूर १८३४ पासून या बेटावर उतरू लागले. या ठिकाणच्या दगडी पायऱ्या चढून लाखो माणसं आत गेली. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. जागा लहान, पाहायला तास पुरतो, पण बहुतेक पॅकेजांत पोर्ट लुई म्हणजे फक्त खरेदी असते. कामाच्या दिवशी सकाळी जा.

नोव्हेंबरात तिथे सुट्ट्या कधी असतात?

२ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टी. दिवाळीलाही सुट्टी असते. २०२६ साली दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. घराघरांत पणत्या लागतात आणि शेजाऱ्यांकडे, धर्म कुठलाही असो, फराळ जातो. आपला नरकासुर जाळून झाल्यावर निघायचं की तिथली दिवाळी पाहायची, हे तारखा ठरवतानाच ठरवा. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात आणि किनारे स्थानिक कुटुंबांनी भरलेले. भांडी, गाणी, जेवण सगळं घेऊन लोक येतात.

लगून सुरक्षित आहे म्हणता, मग धोका कशाचा?

पायाखालचा. काटेरी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी असतो. रबरी तळव्याचे बूट घालूनच उतरा. ते इथूनच घेऊन गेलेले बरे. तो मासा टोचला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी ११४. दुसरा धोका भिंतीतल्या फटींचा, जिथून लगूनचं पाणी बाहेरच्या समुद्रात जातं. तिथे ओढ जबर असते. बोटीवाले जातात त्या वाटेने पोहू नका. प्रवाळावर उभं राहू नका, आणि शिंपले-प्रवाळ पिशवीत घालू नका, त्याला बंदी आहे.

समुद्रातला धबधबा बोटीतून दिसतो का?

नाही. ल मोर्नजवळ वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्यात घसरतो, त्याचा तो भास आहे. तो फक्त वरून, हेलिकॉप्टरमधून दिसतो. बोटीतून दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

ल मोर्नचा डोंगर चढता येईल?

५५६ मीटर उंच. पहिला अर्धा भाग रुंद पायवाट, सवय नसलेल्यालाही जमतो आणि लगूनचं दृश्य तिथूनच उत्तम. वरचा भाग हाताने खडक धरून चढायचा, त्यासाठी वाटाड्या घ्या. जाऊन-येऊन तीन ते चार तास. नोव्हेंबरात दहाच्या आत उतरायला लागायचं, कारण वर सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी.

पैसे कसे न्यायचे?

मॉरिशियन रुपया भारतीय रुपयाच्या जवळजवळ दुप्पट. पाटीवर ५०० वाचून स्वस्त वाटतं, तिथेच हिशेब चुकतो. २०२४ पासून तिथे रूपे कार्ड आणि यूपीआय चालू झालं आहे, पण सगळ्या दुकानांत नाही. परदेशातील व्यवहारांची सोय बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या. धोलपुरी, बस आणि बाजारासाठी रोख लागतेच. जेवणाच्या किमतीत १५ टक्के व्हॅट धरला आहे की वर लागणार, हे मेनूच्या तळाशी लिहिलेलं असतं. पर्यटकांकडून दर रात्री घेतलं जाणारं शुल्क हॉटेलच्या दरात आहे की वेगळं, तेही आरक्षणाच्या वेळीच विचारा.

फोन आणि प्लग?

सिम विमानतळावरच मिळतं. प्लग चौकोनी तीन पिनांचे, काही ठिकाणी गोल दोन पिनांचे. आपला गोल तीन पिनांचा बसत नाही, ॲडॉप्टर न्या. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

शेवटच्या दिवशी काय टाळायचं?

स्कूबा डायव्हिंग. डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस हवा, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडून सांधे आणि मज्जासंस्थेला इजा करतो. मास्क लावून वरवर पोहायला हरकत नाही. शिवाय त्या दिवशी उत्तरेकडून निघणार असाल तर विमानाच्या साडेचार तास आधी हॉटेल सोडा. बॅगेत लिची भरू नका. हॉटेलातच खाऊन निघा.